फिनेलच्या वरची मोकळी ओळ

आमच्या लहानपणी महिन्याच्या वाणसामानाची यादी आई करी, आणि त्या यादीत धान्ये प्रथम, त्यांमागून कडधान्ये, मग मसाले, तेल, तूप आणि सर्वांत शेवटी, एक ओळ मोकळी सोडून, साबण व फिनेल अशी बाबवार मांडणी असे; त्या मोकळ्या ओळीचा अर्थ वाण्यालाही ठाऊक असल्यामुळे पोह्यांना साबणाचा वास लागल्याची तक्रार आमच्या घरी कधी झाली नाही. गेल्या महिन्यात त्याच आईने, आता ८१ व्या वर्षी, मोबाइलवरून मागवलेल्या सामानात तूरडाळ आलीच नाही आणि फरशी पुसण्याचे द्रावण मात्र दोनदा आले. पुढच्या मागणीच्या वेळी मी तिच्या शेजारी बसलो, तेव्हा उमगले की दुकानाच्या दर्शनी पानावर असलेली वर्गवारी, पैसे चुकते करण्यापूर्वी जेथे यादी रुजू घालून पाहायची, नेमकी त्या कार्टमध्ये लुप्त झाली होती: २७ जिन्नस, सारख्याच आकाराची चित्रे, सारखीच करडी अक्षरे.

माझा भाचा वूकॉमर्स या प्रणालीवर लहान दुकानदारांची संकेतस्थळे उभारतो. त्याने सांगितले की दुकानाच्या पानावर प्रत्येक मालाला त्याच्या प्रवर्गाच्या नावाचा 'क्लास' आपोआप लागतो, कार्टच्या ओळीला मात्र लागत नाही; परंतु तो जोडण्यासाठी एक फिल्टर प्रणालीतच ठेवलेला असून, चार ओळींचा मजकूर लिहिला की पुढे धान्याला कोणता रंग आणि औषधाला कोणती किनार, हे स्टाइलशीट ठरवू शकते.

खरी अडचण त्यापुढे आहे, ती खोबरेल तेलाची. कोकणातल्या स्वयंपाकघरात ते फोडणीला आणि देशावर केसांना, मग त्याची ओळ कोणत्या रंगाची? हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. लहान बाटल्यांतील शुद्ध खोबरेल खाद्यतेल की केशतेल, हा वाद करआकारणीच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये, केशतेल म्हणून ते विकले जात नसेल तर खाद्यतेलच मानावे, असा निर्णय झाला. एकाच जिनसाला दोन प्रवर्ग असल्यास कार्टने त्यांपैकी कोणता दाखवावा, याचा निवाडा म्हणूनच संगणकावर न सोडता दुकानदाराने आपल्या गिऱ्हाइकाचे घर जाणून करावा, असे माझे ठाम मत आहे.

केवळ रंगावर भिस्त ठेवणेही अन्यायाचे. शाकाहाराच्या हिरव्या ठिपक्याला जोड म्हणून असलेल्या तपकिरी ठिपक्याच्या जागी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० च्या नियमांत तपकिरी त्रिकोण आणला, त्यामुळे ज्यांना त्या दोन रंगांतला भेद दिसत नाही त्यांनाही आकारावरून खूण पटते. तसे कार्टच्या ओळीवरही प्रवर्गाचे नाव ठसठशीत मराठी अक्षरांत असलेच पाहिजे.

भाच्याने एका किराणा दुकानासाठी हे काम हाती घेतले आहे. फिनेलच्या वर एका ओळीइतकी जागा मोकळी सोड, एवढे मी त्याला आवर्जून सांगितले.