बळी कोणाचा?

गेल्या १६ जानेवारीची गोष्ट. आमच्या शाळेच्या दारातच एक फळा आहे. त्यावर रोज सुविचार आणि दिनविशेष लिहिण्याचा प्रघात आहे; आणि मुख्याध्यापक झालो तरी हे काम मी दुसऱ्या कोणाकडे सोपवलेले नाही. त्या दिवशी मी लिहिले, 'संत जुझे वाझ स्मृतिदिन (१७११)'. मधल्या सुट्टीत आमचे एक ज्येष्ठ सहकारी खोलीत आले. माणूस सज्जन, वर्गात जीव ओतून शिकवणारा. म्हणाले, "सर, उद्या हुतात्मा दिन आणि आज फळ्यावर पाद्री? ह्यांची सेवा म्हणजे गळाला लावलेले आमिष. ते मुलांना सांगायचे सोडून आपण ह्यांचे स्मृतिदिन पाळायचे?"

मी फळा पुसला नाही, पण उत्तरही दिले नाही. घंटा झाली आणि आम्ही आपापल्या कामाला लागलो. ते राहिलेले उत्तर आज देतो आहे. कारण प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. आपल्या सीमाभागातल्या पुष्कळ मराठी घरांत तो ह्याच शब्दांत विचारला जातो, आणि बहुधा उत्तराची वाट न पाहता विचारला जातो.

आधी त्यांच्या म्हणण्यात जेवढे खरे आहे तेवढे मान्य करून टाकतो. जुझे वाझ ह्यांचे घराणे गोव्यातल्या सांकवाळचे. त्याच सांकवाळचा लक्ष्मीनृसिंह १५६७ साली गाव सोडून फोंड्याकडल्या वेलिंगला गेला आणि आजही तिथेच आहे. देव काही हौसेने गाव सोडत नाहीत. साष्टीतली देवळे पोर्तुगिजांनी पाडली, लोक रातोरात देव उचलून नदीपार झाले. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय बसले आणि मधला थोडा खंड सोडता १८१२ पर्यंत चालले. हे सगळे क्रुसाच्या नावाने झाले आणि त्याला आशीर्वाद द्यायला झगेवाले धर्मगुरू हजर होते. ते नाकारणारा माणूस इतिहासाशी बेइमान आहे. मी ते नाकारत नाही.

पण मग खरा प्रश्न पुढे सुरू होतो. ज्या वेदीने ते झगेवाले निर्माण केले, त्याच वेदीने जुझे वाझही कसा निर्माण केला? ह्याचे उत्तर 'माणसे बरी-वाईट असतातच' असे गुळमुळीत देऊन चालणार नाही. उत्तर ख्रिस्ती धर्मातल्या याजकपणाच्या कल्पनेतच आहे, आणि ती कल्पना आपण कधी नीट समजून घेतलेली नाही.

याजक म्हणजे यज्ञ करणारा, अर्पण वाहणारा. यरुशलेमच्या मंदिरात प्रमुख याजक वर्षातून एकदा परमपवित्र स्थानी जाई आणि पशूंचे रक्त लोकांच्या पापांसाठी नेई. आपल्याला ह्यात अनोळखी काही नाही. यजमान, पुरोहित आणि यज्ञपशू ही तिघेजण आपल्याही परिचयाची. ह्या तिघांत मरतो तो नेहमी तिसराच, ह्याचाही आपल्याला परिचय आहे. ख्रिस्ती धर्माने येथे एकच बदल केला, पण तो मुळावरचा आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा सगळा युक्तिवाद असा की, ख्रिस्त हा असा याजक, ज्याने दुसऱ्याचे रक्त नेले नाही, स्वतःचे नेले. पुरोहित आणि बळी एकच झाले. तिसरा कोणी उरलाच नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात ह्याच्या उलट बाजूचा माणूसही उभा केलेला आहे. त्याचे नाव कयफा. तो त्या वर्षीचा प्रमुख याजक, अधिकृत, रीतसर. रोमन सत्ता आपल्यावर उलटेल ह्या भीतीने सभा बसली तेव्हा त्याने हिशेब मांडला की, सगळे राष्ट्र बुडण्यापेक्षा एक माणूस मेलेला परवडला. हिशेब चोख होता. फक्त तो एक माणूस कयफा स्वतः नव्हता. ख्रिस्ती धर्माच्या उगमालाच असे दोन याजक समोरासमोर आहेत: एक दुसऱ्याला वेदीवर चढवणारा आणि एक स्वतः चढणारा. पुढची दोन हजार वर्षे त्या धर्मात ह्या दोघांचीच परंपरा चालू आहे. पोषाख दोघांचा एकच असल्यामुळे बाहेरच्यांची फसगत होते. पुष्कळदा आतल्यांचीही होते.

आता जुझे वाझ ह्यांच्याकडे वळू. जन्म १६५१, बाणावलीचा. १६७६ साली त्यांना याजकपदाची दीक्षा मिळाली. त्या काळी एतद्देशीय माणसाला युरोपी संन्यासी संघांची दारे बंद असत. रंग आडवा येई. १६८१ ते १६८४ ह्या काळात ते आपल्याच ह्या बाजूला, कानडा मुलखात, मंगळूर, कुंदापूर, गंगोळी ह्या भागात वणवण फिरले. परत आल्यावर देशी धर्मगुरूंच्या ऑरेटरी नावाच्या मंडळात शिरले आणि लगोलग त्याचे प्रमुख झाले. गोव्यात मान होता, पद होते. एवढ्यावर दुसरा कोणी सुखाने म्हातारा झाला असता.

पण सिलोनची बातमी त्यांना स्वस्थ बसू देईना. तिथे डचांचे, म्हणजे आपल्या बखरींतल्या वलंदेजांचे राज्य आले होते. १६५८ साली जाफना पडले आणि कॅथलिक धर्मगुरूंना त्या मुलखात बंदी झाली. मागे राहिलेल्या लोकांना ना बाप्तिस्मा द्यायला कोणी, ना मरताना उशाशी बसायला कोणी. वाझ १६८७ साली हमालाच्या वेषात, घरच्या एका नोकर पोराला बरोबर घेऊन, समुद्र ओलांडून गेले. उतरले तेच हगवणीने आडवे पडले. कोणा बाईने दिलेल्या पेजेवर जगले. पुढे गळ्यात जपमाळ अडकवून दारोदार भिक्षा मागत फिरले, कारण जपमाळ ओळखणारे घर हेच त्यांचे घर. डचांचा ससेमिरा चुकवत १६९२ साली कँडीच्या राज्यात गेले, तर तिथे पोर्तुगिजांचा हेर म्हणून कैदेत पडले.

आणि मग १६९७ साली कँडीत देवींची साथ आली. राजा आणि दरबार शहर सोडून गेले. लोकांनी आपल्याच माणसांना रानात नेऊन टाकले. वाझ आणि त्यांचे भाचे धर्मगुरू जुझे कार्व्हालो हे दोघे मागे राहिले. त्यांनी रोग्यांसाठी झोपड्या उभारल्या, त्यांच्या अंगावरचे फोड धुतले, मेलेल्यांना माती दिली. ज्यांची सेवा केली त्यांत बौद्ध होते, ख्रिस्ती होते. विचारायला सवड कोणाला होती? कँडीचा राजा दुसरा विमलधर्मसूर्य हा बौद्ध. तो बौद्धच राहिला आणि त्याने ह्या परक्या माणसाला आपल्या राज्यात मोकळीक दिली. पुढे बिशपपदाची गोष्ट निघाली ती वाझ ह्यांनी नाकारली. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच ते गेले. चोवीस वर्षांत पुन्हा गोवा पाहिला नाही. १९९५ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी त्यांना धन्य आणि २०१५ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी संत घोषित केले. दोन्ही समारंभ कोलंबोला झाले. त्यांची समाधी मात्र आज कोणाला दाखवता येत नाही.

आता माझ्या सहकाऱ्यांच्या आमिषाकडे येऊ. वाझ धर्मप्रसारक होते, त्यांनी लोकांना आपल्या धर्मात घेतले, हे मी लपवत नाही. त्यांनीही लपवले नव्हते. पण गळ टाकणारा माणूस काठावर कोरडा बसलेला असतो. आमिष म्हणून गांडूळ लावतात. स्वतःचे बोट कोणी लावत नाही. देवीच्या रोग्याच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला आमिष लावणारा म्हणायचे असेल तर निदान एवढे तरी कबूल करा की गळाला तो स्वतःच लागलेला होता. हेतूवर शंका घेणे फार स्वस्त असते. त्यासाठी जागचे उठावे लागत नाही. दुसऱ्याच्या त्यागाचा हेतू तपासत बसणे ही आपल्याकडे, स्वतः काही न करण्याची सर्वांत प्रतिष्ठित सबब आहे.

पण हीच फूटपट्टी ख्रिस्ती मंडळींनाही लावावी लागेल, आणि ती त्यांना सुखाची नाही. ज्या ऑरेटरीने वाझ दिले, त्या मंडळात प्रवेश ब्राह्मण कुळातल्यांनाच होता. गोऱ्यांनी रंगावरून दार लावले आणि ह्यांनी जातीवरून लावले. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुतली जात नाही, हे आपल्या देशातल्या दलित ख्रिस्ती बांधवांना कोणी वेगळे सांगायला नको. आणि अलीकडची गोष्ट पाहा. २००२ साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहरी जे उघडकीस आले ते काय होते? लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना वरिष्ठांनी एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये हलवले, पाठीशी घातले. कशासाठी? संस्थेचे नाव जाऊ नये म्हणून. हा हुबेहूब कयफाचा हिशेब: सगळे बुडण्यापेक्षा एक पोर गेलेले परवडले. दीक्षेच्या वेळी हा माणूस वेदीपुढे जमिनीवर पालथा पडलेला असतो. त्याचा अर्थ, आता माझे माझ्याजवळ काही नाही. उठून उभा राहिल्यावर तो हे विसरला की त्याचा याजक राहत नाही, अधिकारी होतो.

त्यागाच्या नावाने आणखी एक फसवणूक असते, ती जास्त सूक्ष्म. ती समजायला आपल्याला परक्याच्या घरी जावे लागत नाही. 'स्मृतिचित्रे' उघडले की पुरे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, १९०४ साली त्यांना दीक्षा मिळाली, आणि १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. पगारी धर्मसेवा नको, ही त्यांची भूमिका. मी तिला हात जोडतो. पण हातात आलेला पैसा हातात टिकू न देणाऱ्या ह्या माणसाच्या घरी चूल पेटवण्याची जबाबदारी कोणावर होती? लक्ष्मीबाईंवर. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा लहान मुलाला घेऊन समाजाचे बोलणे सोसले कोणी? त्यांनीच. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला तो ह्या सगळ्या भट्टीतून निघाल्यावर, स्वतःच्या बुद्धीने. टिळकांना मी छोटे करू पाहत नाही. माझे म्हणणे एवढेच की, एकाच्या नावावर जमा झालेल्या त्यागातला अर्धा हिस्सा बहुधा घरातल्या कोणा दुसऱ्याचा असतो, आणि त्या दुसऱ्याला कोणी विचारलेले नसते. लक्ष्मीबाईंना दीक्षा कधी मिळाली नाही. पण पेत्राच्या पत्रात सर्वच श्रद्धावंतांना याजक म्हटले आहे आणि पौल रोमकरांना सांगतो की रोजचे जगणे हेच जिवंत अर्पण करा. त्या अर्थाने त्या घरात याजक दोन होते.

आता आपण. १७ जानेवारीला आपण १९५६ च्या त्या गोळीबारात पडलेल्यांना फुले वाहतो. मराठीने त्यांच्यासाठी शब्द किती नेमका ठेवला आहे पाहा: हुतात्मा. ज्याने आत्म्याचीच आहुती दिली तो. वर इब्री पत्राचा म्हणून जो युक्तिवाद सांगितला, तो आपण एका शब्दात दर वर्षी उच्चारतो. पण त्या दिवशी मराठीसाठी व्यासपीठावरून गळा काढणाऱ्या आमच्या गावच्या मंडळींपैकी किती जणांची नातवंडे माझ्या शाळेत आहेत? हजेरीपट माझ्या टेबलावर असतो. त्यात शेतमजुरांची मुले आहेत, फौंड्रीत जाणाऱ्यांची आहेत, हमालांची आहेत. भाषणे करणाऱ्यांची मुले इंग्रजी माध्यमाच्या बसमध्ये आहेत. मराठी टिकावी म्हणून कोणाचे तरी पोर मराठी शाळेत गेले पाहिजे, हा त्यांचा हिशेब चोख आहे. फक्त ते पोर त्यांचे नाही. वाचकहो, हा हिशेब कोणाचा ते तुम्ही आता ओळखले असेल.

मी स्वतः ह्यातून सुटतो असे समजू नका. माझ्या मुलीला आठवीपर्यंत मी माझ्याच शाळेत ठेवले आणि नववीला घाबरून काढले. बायको तेव्हा म्हणाली होती, "दुसऱ्यांच्या पोरांना सांगता ते आपल्या पोरीला का नाही?" तिला मी काहीतरी उत्तर दिले. खरे उत्तर माझ्याकडे नव्हते, आजही नाही. म्हणूनच हा लेख मी कोणा धर्माची बाजू घेऊन लिहिलेला नाही. वेदी चर्चमधली असो, देवळातली असो, सभेतली असो की शाळेतली. तिच्याजवळ उभ्या राहिलेल्या माणसाला एकच प्रश्न विचारायचा असतो: बळी कोणाचा? तुझा की दुसऱ्याचा?

येत्या १६ जानेवारीला मी फळ्यावर पुन्हा तेच नाव लिहिणार आहे आणि १७ ला हुतात्म्यांचे स्मरण. सहकाऱ्यांनी मधल्या सुट्टीत अवश्य भांडायला यावे. या वेळी घंटा झाली तरी मी त्यांना उत्तरावाचून जाऊ देणार नाही.