प्राध्यापकांचं पत्र आणि पोळ्यांचा हिशेब

सकाळच्या वेळी खोपटच्या एसटी डेपोच्या बाजूने चाललं की पोळ्या भाजल्याचा वास येतो. पोळीभाजी केंद्रांत लाटणं हाती घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांना त्या पोळ्यांचे पैसे मिळतात. त्याच बायका दुपारी घरी जाऊन त्याच हातांनी लाटतात, तेव्हा मात्र त्याला काम म्हणत नाहीत. असं का, या प्रश्नावर जगभरच्या विद्यापीठांत कपाटंच्या कपाटं भरतील इतकं लिहिलं गेलंय. आणि आजकाल लग्नघरात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘‘ही सगळी खुळं कॉलेजातल्या प्राध्यापकांनी मुलींच्या डोक्यात भरवली.’’

मला हे वाक्य अगदीच खोटं वाटत नाही. अर्धं खरं आहे. पण भरवली म्हणजे नेमकी कशी, हे एकदा बघायला हवं.

सगळ्यात ठसठशीत उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. १९७२च्या मार्चमध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. ‘मथुरा खटला’ म्हणून आपण ते प्रकरण ओळखतो. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडून दिलं. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणजे तिची संमती होती!

पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९७९मध्ये, कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. दिल्ली विद्यापीठातले उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. भर रात्री पोलीस ठाण्यात अडकलेली गरीब मुलगी गप्प राहिली, तर त्या गप्प राहण्याला होकार म्हणायचं का, असा त्यांचा साधा सवाल होता. घाबरून मान तुकवणं वेगळं, संमती वेगळी. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला प्राध्यापकांनी असं सुनावणं तेव्हा भलतंच धाडसाचं होतं.

पण पत्राने पत्राचं काम केलं, एवढंच. ते ग्रंथालयात पडून राहिलं असतं तर आज कुणाला आठवलंही नसतं. ते वाचलं मुंबई-पुण्या-नागपूरच्या नोकरदार, विद्यार्थिनी, संघटनेतल्या बायकांनी. १९८०च्या सुरुवातीला मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, त्या ८ मार्चला ठिकठिकाणी मोर्चे निघाले. खटला पुन्हा उघडावा ही मागणी फेटाळली गेली. मथुराला न्याय मिळाला नाही तो नाहीच. पण १९८३मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या अत्याचारात ‘मी संमती दिली नव्हती’ असं बाईने सांगितलं, तर न्यायालयाने ते मानून चालायचं असं ठरलं. त्याच वर्षी ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ हे नाटक स्त्री मुक्ती संघटनेने रंगमंचावर आणलं. ज्या बायका निकालपत्र कधी हातात धरणार नव्हत्या, त्यांनी ते नाटक पाहिलं. मला वाटतं, विचार घरात येतो तो असा, गाण्यातून नि हसण्यातून. व्याख्यानातून फार कमी.

आणि त्या पत्रातला मुद्दा? केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं मानता येणार नाही, हे कायद्याच्या कलमात स्पष्ट लिहिलं गेलं २०१३मध्ये, दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर. चौतीस वर्षं लागली हो! डोक्यात खूळ भरवायला इतका वेळ लागत असेल, तर ते प्राध्यापक फारच सावकाश भरवतात म्हणायचं.

दुसरी गोष्ट अशी, की वाट एकाच दिशेची नाही. ताराबाई शिंदे कुठल्या विद्यापीठात गेल्या नव्हत्या. त्यांनी १८८२मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं, लोक ते विसरूनही गेले, आणि १९७५मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापल्यावर अभ्यासक्रमांत पोचलं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायांना गाठून, त्यांच्याशी बोलून ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिलं. विद्यापीठं त्यावरून शिकली.

आता पोळ्यांचा हिशेब. १९७२मध्ये युरोपातल्या काही स्त्रियांनी ‘घरकामाला वेतन द्या’ अशी मोहीम काढली, तेव्हा लोक हसले. आपल्याकडे देवकी जैन, इंदिरा हिरवे यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञ बायकांचा दिवस मोजत बसल्या : पाण्याला किती, चुलीला किती, पोराला किती. १९९८-९९मध्ये सरकारने सहा राज्यांत तशी पाहणी करून बघितली, २०१९मध्ये देशभर केली. बाईची घरकामाची रोजची सरासरी २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. हेच आकडे जानेवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आले. अपघातात गेलेल्या गृहिणीच्या कामाचीही किंमत धरून भरपाई द्या, असं न्यायालयाने सांगितलं. म्हणजे बाईच्या कामाला भाव मिळाला, पण ती गेल्यावर!

वाटेत काय गळून पडतं तेही बघा. २०२४पासून आपल्या राज्यात ‘लाडकी बहीण’चे दीड हजार रुपये बायकांच्या खात्यात येऊ लागले. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत त्यातून गॅस आला, शाळेची फी गेली. त्या पैशांना मी नावं ठेवणार नाही, ज्यांना गरज नाही त्यांनीच ती चैन करावी. पण नाव बघा ना. हक्क म्हणून, कामाचा मोबदला म्हणून मागितलेली गोष्ट भावाची ओवाळणी होऊन आली. ओवाळणी किती घालायची आणि कधी थांबवायची, ते भाऊ ठरवतो. मोबदल्याचं तसं नसतं, तो थकला तर मागता येतो. ‘सक्षमीकरण’ या शब्दाचंही तेच झालं. सत्तेत वाटा मागणारा शब्द होता, आता शिलाई मशीन वाटपाच्या फ्लेक्सवर असतो.

म्हणून मला प्राध्यापकांची धास्ती वाटत नाही. त्यांचा शब्द आपल्या दारात पोचेपर्यंत त्याचे दात कुणी काढले, याची वाटते. २०२४च्या पाहणीत बाईची मिनिटं २८९ झाली. पाच वर्षांत दहा कमी. पुरुषाचीही घटली, ८८. आणि २०११च्या जनगणनेत, घर सांभाळण्याखेरीज दुसरं काही न करणारी बाई ‘काम न करणारे’ या रकान्यात मोजली गेली होती.