बेवारस सायकली, अडलेले पदपथ

भाड्याने सायकल मिळणे हा काही पुण्यात स्मार्ट सिटीच्या काळात लागलेला शोध नव्हे. एका पिढीपूर्वीपर्यंत पेठापेठांतून भाड्याच्या सायकलींची दुकाने होती. दुकानदार वहीत नाव आणि वेळ टिपून घेई, अनोळखी गिऱ्हाईक असेल तर कोणाची तरी ओळख मागे आणि सायकल परत आली की चाक फिरवून पाहून मगच हिशोब करी. मडगार्डवर दुकानाचे नाव रंगवलेले असे. कोणी सायकल भलत्या जागी आडवी टाकली, तर तक्रार घेऊन कोणाच्या फळीशी जायचे हे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक असे. रात्री त्या साऱ्या सायकली दुकानात जात, नाहीतर दुकानासमोर एका साखळीत बांधल्या जात. थोडक्यात, त्या सायकलींना धनी होता आणि तो धनी दिसत असे.

डिसेंबर २०१७ मध्ये औंध परिसरात आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात जी भाड्याची सायकल आली, तिला दुकानच नव्हते. मोबाईलवरून क्यूआर कोड टिपायचा, कुलूप उघडायचे, हवे तेथे जायचे आणि काम झाले की तेथेच सोडून द्यायची. अर्ध्या तासाला १ रुपया हा सुरुवातीचा दर. झूमकारच्या ‘पेडल’ने आरंभ केला, पाठोपाठ ओफो, मोबाईक आणि युलू या कंपन्याही उतरल्या. त्याच महिन्यात महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने शहराचा सर्वंकष सायकल आराखडाही मंजूर केला. सायकलींचे शहर ही पुण्याची गेलेली कीर्ती परत येणार, असे वातावरण होते आणि त्या उत्साहात खोटे काही नव्हते. स्वयंचलित दुचाक्यांनी गुदमरलेल्या शहराला सायकल हवीच होती, आजही हवी आहे.

पुढे काय झाले ते पुणेकरांनी पाहिले. पदपथावर सायकलींचे घोळके उभे राहिले. एक पडली की तिच्यासोबत चार पडत आणि त्यावरून वाट काढताना वृद्धांची तारांबळ उडे. दुकानदाराने आपल्या दारातली सायकल उचलून शेजाऱ्याच्या दारात ठेवावी, शेजाऱ्याने ती कोपऱ्यावर ढकलावी, सोसायटीच्या रखवालदाराने फाटकापासून दूर नेऊन बसथांब्याला टेकवावी, असा प्रकार सुरू झाला. दुसरीकडे त्याच सायकलींची बैठकी नाहीशी झाली, कुलपे फुटली, काहींना लोकांनी स्वतःचे कुलूप लावून खासगी करून टाकले. ओफोने २०१८ च्या मध्यातच भारतातला गाशा गुंडाळला. इतरांचाही पुण्यातला पसारा आवरत गेला आणि दीड-दोन वर्षांत बहुतेक सायकली रस्त्यांवरून दिसेनाशा झाल्या.

या फजितीचे खापर तेव्हा आणि नंतरही एकाच डोक्यावर फोडले गेले. ‘आपल्या लोकांना नागरिक म्हणून शिस्तच नाही’ हे ते ठरलेले वाक्य. त्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूची बैठक काढून नेणे ही चोरीच आहे आणि तिला दुसरे नाव नाही. परंतु हे वाक्य उच्चारून जे मोकळे होतात, त्यांनी जगाकडे एकदा पाहावे. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १९६५ साली काही तरुणांनी पांढऱ्या रंगाच्या, सर्वांसाठी खुल्या अशा बिनकुलपाच्या सायकली रस्त्यावर सोडल्या. पोलिसांनी त्या जप्त केल्या, कारण सायकल कुलूप न लावता ठेवणे तेथील नियमाविरुद्ध होते. चीनमध्ये २०१७ च्या मध्यापर्यंत अशा भाड्याच्या सायकलींची संख्या दीड कोटीच्या वर गेली. मोडक्या सायकलींचे डोंगर मैदानांत साचले आणि त्यांची आकाशातून टिपलेली छायाचित्रे जगभर गेली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये बीजिंगने नव्या सायकली उतरवण्यास मनाई केली. लंडनमध्ये तर हा तंटा अगदी ताजा आहे. पदपथ अडवणाऱ्या भाड्याच्या विद्युत सायकली केन्सिंग्टन-चेल्सीच्या स्थानिक परिषदेने २०२५ साली शेकडोंनी उचलून नेल्या. शिस्तीचे पाठ ज्यांच्याकडून घ्यावेत असे आपल्याला सांगितले जाते, त्यांच्याही दारात हेच घडले असेल, तर दोष केवळ पुणेकराच्या रक्तात शोधणे हा आळशीपणा झाला.

दोष व्यवहाराच्या मुळाशी आहे. सायकलीचे भाडे नाममात्र आणि सायकल मात्र जीपीएस, सिमकार्ड आणि स्वयंचलित कुलूप यांनी महागलेली. एवढ्या भाड्यात तिची देखभाल, दुरुस्ती आणि जागच्या जागी नेऊन ठेवणारी माणसे यांचा खर्च निघणे कठीण. मग गणित बसवायचे ते संख्येवर, गुंतवणूकदारांच्या भांडवलावर आणि ग्राहकांच्या अनामतीवर. २०१८ च्या डिसेंबरात ओफोच्या बीजिंगमधील कार्यालयासमोर अनामत परत मागणाऱ्यांच्या रांगा लागल्या आणि मागणी नोंदवणाऱ्यांची संख्या एक कोटीवर गेली, तेव्हा हे गणित उघडे पडले. मात्र या साऱ्या हिशोबात एक रक्कम कधी धरलीच गेली नव्हती. ती म्हणजे जागेचे भाडे. जुना सायकलवाला दुकानाचे भाडे भरत होता. नव्या व्यवस्थेने ते वाचवले आणि आपला माल ठेवण्यासाठी पदपथालाच गोदाम केले. या गोदामाचे भाडे पादचारी भरत होता, रस्त्यावर उतरून आणि येणाऱ्या बसला अंग चोरून.

ज्या पदपथावर हे घडले, त्याच पदपथावर भाजीची गाडी लावणाऱ्यासाठी कायदा काय म्हणतो ते पाहण्याजोगे आहे. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमानुसार त्याचे सर्वेक्षण व्हावे लागते, त्याला प्रमाणपत्र घ्यावे लागते, नेमलेल्या जागी बसावे लागते आणि शुल्कही भरावे लागते. जागा चुकली तर अतिक्रमण विभागाची गाडी येते, हातगाडी उचलली जाते आणि ती सोडवून आणताना दिवसाची कमाई जाते. त्याच्या व्यवसायाचे भांडवल ते किती! याउलट ज्यांच्यामागे परदेशी गुंतवणुकीचे पाठबळ होते, त्यांच्या सायकलींचे स्वागत समारंभपूर्वक झाले आणि त्या कोठे उभ्या राहाव्यात हा विषय मागाहून पाहण्यासाठी सोडला गेला. परवानगीवाचून रस्त्यावर ठेवलेली वस्तू हटवण्याचा अधिकार १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने आयुक्तांना दिलेलाच आहे. तो भाजीवाल्यासमोर आठवतो आणि कंपनीसमोर विसरला जातो, ही खरी दुखणाईत जागा आहे.

सायकलीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. पुण्याचे पदपथ सायकलींनी अडवले त्याच्या कितीतरी आधीपासून ते दुचाक्यांनी, विजेच्या पेट्यांनी, जाहिरातफलकांनी आणि दुकानांच्या वाढीव पायऱ्यांनी अडवलेले होते. दुचाकीला क्रमांकपट्टी असते, तिचा मालक समोरच्या इमारतीत राहतो आणि तो मतदार असतो. तिला हात लावला तर चार माणसे जमतात. पिवळ्या सायकलीला कोणीच नव्हते. मुलांनी तिला लाथ मारली काय किंवा वयस्कांनी ओढून बाजूला टाकली काय, जाब विचारायला कोणी येणार नव्हते. पदपथावरचा सारा साचलेला राग तिच्यावर निघाला, यात नवल ते कोणते?

तंटे मिटवायचे कोणी, हाही प्रश्न होताच. सायकल कंपनीची, करार स्मार्ट सिटी कंपनीचा, रस्ता महापालिकेचा, वाहने उभी करण्याची व्यवस्था वाहतूक पोलिसांकडे आणि दार सोसायटीचे. रहिवाशाने क्षेत्रीय कार्यालयात जावे तर तेथून औंधच्या कार्यालयाकडे बोट दाखवले जावे, आणि कंपनीचा तर केवळ मोबाईलमधला चेहरा. तेव्हा निदान नगरसेवकाचे दार वाजवता येत होते. मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ मधील निवडणुकीपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षे, पुण्यात नगरसेवकच नव्हते; कारभार प्रशासकाच्या हाती होता. गल्लीतला पदपथ हा विषय मंत्रालयातून सुटत नसतो. तो सोडवणारा माणूस त्याच गल्लीतून रोज चालत जाणारा असावा लागतो.

मार्ग नाहीत असे नाही. पॅरिसने जुलै २००७ मध्ये सार्वजनिक सायकल योजना सुरू केली ती ७५० तळ उभारून, आणि त्यांतल्या बऱ्याच तळांसाठी जागा घेतली ती मोटारी उभ्या करण्याच्या पट्ट्यातून. पादचाऱ्याच्या वाट्याला हात न लावता मोटारीच्या वाट्यातून सायकलीला जागा काढून देणे, यात सारे शहाणपण आहे. सिंगापूरने २०१८ मध्ये कायदाच केला. परवान्याशिवाय कंपनीला धंदा करता येईना, सायकलींच्या संख्येला मर्यादा आली आणि नेमलेल्या चौकटीवरचा कोड टिपल्याशिवाय प्रवास संपेना. यातले तंत्र मोठे नाही. सायकल नेमकी कोठे आहे हे कंपनीच्या यंत्राला पहिल्या दिवसापासून कळत होते. मग चुकीच्या जागी ती सोडली तर भाडे चालूच राहील, एवढी साधी अट पुण्याच्या करारात का नसावी?

हे सारे जुने उकरून काढण्याचे कारण असे की, विषय संपलेला नाही. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०१९ मध्ये भाड्याच्या विद्युत दुचाक्या आल्या. घरपोच सामान पोहोचवणारी तरुण मुले आज अशाच भाड्याच्या विद्युत वाहनांवर पोट भरतात. मेट्रोची स्थानके वाढत आहेत आणि स्थानकापासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा चालत किंवा सायकलीनेच व्हायचा आहे. कंपन्या पुन्हा येतील, त्यांनी यावेही. पुणे महापालिकेने २०१६ मध्येच पादचारी धोरण स्वीकारलेले आहे. दरवर्षी ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिनही साजरा होतो. मे २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने निर्वेध पदपथ हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या अधिकाराचा भाग असल्याचे स्पष्ट सांगितले. कागद पुरेसे आहेत.

उरतो तो प्रत्यक्ष जागेचा प्रश्न. एक मोटार उभी राहते तेवढ्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात. पुढचा करार करताना महापालिकेने प्रत्येक प्रभागात अशा चौकटी रस्त्याच्या कडेला आखाव्यात, पदपथावर एकही नको. त्यांचे भाडे कंपनीकडून वसूल करावे आणि त्या भागाची जबाबदारी घेणाऱ्या माणसाचे नाव व दूरध्वनी तेथेच फलकावर रंगवावा, पूर्वी मडगार्डवर असे तसा. चौकट आखली की तेथे रोज मोटार लावणारा कोणीतरी नव्या नगरसेवकाच्या घरी भांडायला येईल. तो बहुधा त्याचा कार्यकर्ताच असेल, आणि त्याला काय उत्तर मिळते ते पदपथावरून चालणारी म्हातारी माणसे पाहत असतील.