अंगावरची झोळी आणि आपले मौन

बालतेल, धूपचूर्ण, गुटीची सहाण यांच्या शेजारी आता कित्येक औषधी दुकानांतून 'बेबी स्लिंग' अथवा 'बेबी कॅरिअर' या नावाने बाळाला अंगावर बांधून घेण्याची झोळी विक्रीस ठेवलेली आढळते. कल्पना नवी नव्हे. मेक्सिकोतील रेबोसो, जपानमधील ओंबुहिमो किंवा आपल्याकडील कष्टकरी स्त्रीने जुन्या लुगड्यात पाठीशी बांधलेले मूल ही तिचीच रूपे होत. नवे आहेत ते पट्टे, कड्या आणि किंमत. या वस्तूविषयी वैद्यवर्गात दोन मते ऐकू येतात. एक, हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. दुसरे, आजी-पणजीने केले ते निर्धोकच असणार. प्रस्तुत लेखकाच्या मते या दोन्ही मतांनी आपण केवळ जबाबदारी टाळतो, कारण माता प्रश्न विचारते तो आपल्याला आणि झोळी घेते ती आपल्याच शिफारशीच्या दुकानातून.

बाळाला अंगाशी धरण्याचे लाभ आता वादातीत आहेत. माँट्रियल येथील १९८६ सालच्या अभ्यासात, नेहमीपेक्षा अधिक वेळ अंगावर घेतलेली सहा आठवड्यांची बाळे इतरांपेक्षा ४३ टक्के कमी वेळ रडली. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ मध्ये सुरू झालेली 'कांगारू माता काळजी' ही पद्धत तर भारतासह पाच देशांतील पाहणीत तपासली गेली; जन्मतः लगेच ती सुरू केल्यास अल्पवजनी अर्भकांचे पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू २५ टक्क्यांनी घटतात, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि तो त्वचेला त्वचा लावून, रुग्णालयाच्या देखरेखीखाली केलेला उपचार आहे. त्याचे श्रेय दुकानातील झोळीच्या खोक्यावर छापणे ही ग्राहकाची दिशाभूल होय.

आता धोक्याकडे वळू. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये स्लिंगविषयी जाहीर इशारा दिला. त्यापूर्वीच्या २० वर्षांतील किमान १४ अर्भकमृत्यू स्लिंगशी निगडित आढळले होते आणि त्यांपैकी १२ बाळे चार महिन्यांहून लहान होती. कारण साधे आहे. या वयात मानेला बळ नसते. कापडाच्या खोळीत बाळ अर्धवर्तुळाकार वाकले की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासमार्ग अरुंद होतो. किंवा नाक-तोंड कापडात अथवा मातेच्या अंगात दडपते. असे बाळ रडून हाक देऊ शकत नाही. शांत निजले आहे, असेच मातेला वाटते. अकाली जन्मलेले, अल्पवजनी अथवा सर्दीने नाक चोंदलेले बाळ असेल तर धोका अधिकच.

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात बाळाला त्याच्या गात्रांना सुख होईल असे धरावे, एकाएकी उचलू नये आणि कुब्जतेच्या भयास्तव अकाली बसवू नये, असे सांगितले आहे. खोळीत दुमडलेले बाळ हे अकाली बसविलेलेच बाळ होय, असा अर्थ येथे लावण्यास हरकत नसावी. झाडाला टांगलेल्या झोळीलाही हाच न्याय लागू आहे. परंपरेची म्हणून तिला सूट नाही.

म्हणून बांधणी पाहावी. झोळी घट्ट असावी, बाळाचा चेहरा सदैव दिसावा, मातेने मान किंचित वाकवताच ओठ बाळाच्या कपाळाला लागावेत, हनुवटी छातीपासून सुटी राहावी आणि पाठीला आधार असावा. पाय लोंबकळू नयेत. मांड्या फाकलेल्या आणि गुडघे नितंबांहून किंचित वर असावेत. कडेवर घेतलेले मूल नेमके असेच बसते! पाय सरळ ताणून बाळंत्यात करकचून गुंडाळण्याची आपली घरगुती रीत मात्र खुब्याच्या सांध्याला अपायकारक आहे आणि तिच्याविषयी आपण क्वचितच बोलतो. शस्त्रक्रियेने प्रसूती झालेल्या सूतिकेच्या बाबतीत गाठ अथवा पट्टा व्रणावर येत नाही ना, हेही पाहावे.

झोळीत बाळ असता स्वयंपाक करू नये, गरम चहा पिऊ नये. दुचाकीचा उल्लेख मुद्दाम करावा लागतो, कारण बाळ पुढे बांधून स्कूटरवर निघालेली जोडपी शहरोशहरी दिसतात. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी सुरक्षापट्टा व शिरस्त्राण आवश्यक करणारा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. झोळी म्हणजे तो सुरक्षापट्टा नव्हे, आणि नऊ महिन्यांखालील बाळाला दुचाकीवर नेऊच नये, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगावे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दोन देहांची उष्णता एका कापडात कोंडते. तेथे एकपदरी सुती झोळीच बरी, आणि भर दुपारी तीही नको.

निगेबाबत चरकाचार्यांचे मार्गदर्शन आजही पुरेसे आहे. बालकाची वस्त्रे व आच्छादने मृदू, लघू व शुचि असावीत. स्वेद, मल, मूत्र यांनी दूषित झालेली त्याज्य मानावीत. दुसरी नसतील तर तीच नीट धुऊन, धूपवून, शुद्ध व कोरडी करून वापरावीत. या क्रमात धुणे आधी व धूप नंतर येतो, हे विसरून मळक्या कापडालाच धुरी देणारे पुष्कळ आहेत. शिवाय यव, सर्षप, वचा, गुग्गुळ आदींचे ते धूपन वस्त्रांसाठी सांगितले आहे. झोळी रिकामी असताना, बाळापासून दूर धूपवावी आणि मग मोकळ्या हवेत पसरावी. कृत्रिम धाग्याच्या झोळीला निखाऱ्याजवळ नेऊच नये.

अभ्यंगानंतर लगेच बाळ झोळीत ठेवल्यास कापड तेलकट व निसरडे होते आणि कडीतून सरकू लागते. आधी स्नान, मग झोळी. नवी झोळी खळ जाईपर्यंत धुवावी. रिठ्याने धुतल्यास भरपूर पाण्यात खळबळावी, कारण बाळ तिची कड हमखास चोखते. ताणणारे कापड उकळू नये. शिवण, कडी आणि खटका प्रत्येक वेळी हाताने ओढून पाहावा. उसवलेली झोळी पुन्हा शिवून दुसऱ्याला देणे हे औदार्य नव्हे.

औषधी दुकानदारांना एक सूचना करावीशी वाटते. सुमारे तीन किलो तांदूळ भरलेली कापडी बाहुली दुकानात ठेवावी, मातेकडून ती झोळीत बांधवून घ्यावी आणि बांधणी जमल्यावरच पावती फाडावी. वैद्यांनीही पहिल्या भेटीत झोळी सोबत आणण्यास सांगावे.