भिंत पोकळ नाही, दावा पोकळ आहे

मित्रांनो, "अणू ९९.९९ टक्के रिकामा आहे, म्हणजे जग माया आहे हे विज्ञानानेच सिद्ध केले" असा मेसेज फिरत फिरत आमच्या ग्रुपवरही येतो. आमचे म्हणणे एवढेच : महाराज, मग बंद दारातून चालत बाहेर येऊन दाखवा!

विज्ञान काय सांगते? १९११ साली रदरफोर्ड यांनी दाखवले की अणूचे जवळजवळ सगळे वस्तुमान मधल्या इवल्याशा केंद्रकात असते. अर्धसत्य इथेच थांबते. उरलेली जागा ओसाड नाही. इलेक्ट्रॉन ही ग्रहासारखी फिरणारी गोळी नसून तो ढगासारखा त्या जागेत पसरलेला असतो. १९२५ साली पाउली यांनी नियम मांडला : दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. टेबलावर हात दाबला की हाताचे आणि लाकडाचे इलेक्ट्रॉन एकाच जागेत घुसू पाहतात. त्यासाठी त्यांना जास्त ऊर्जेच्या अवस्थेत जावे लागते आणि तेवढी ऊर्जा आपल्या दाबण्यात नसते. म्हणून टेबल घट्ट लागते. हा घट्टपणा भास नाही, निसर्गाचा नियम आहे.

बरे, सगळे अणू काढून टाकले तर निव्वळ पोकळी उरेल? तीही नाही. विद्युतचुंबकीय क्षेत्र तिथेही पूर्ण शांत होत नाही. निर्वात जागेतल्या दोन धातूच्या पट्ट्या अगदी जवळ आणल्या तर एकमेकींकडे ओढल्या जातात, हे कॅसिमिर यांनी १९४८ साली सांगितले. १९९७ साली ही ओढ नेमकी मोजली गेली.

आता मुद्द्याचे. जग माया, तर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले तेव्हा ते पाणी माया का नव्हते? तळे शेण-गोमूत्राने शुद्ध का करावे लागले? माया फक्त शोषिताच्या दुःखाला लागू होते. जमीन, मंदिर, दक्षिणा मात्र भरीव!

आणि आपल्यातल्यांनाही सांगतो : नागार्जुनाची शून्यता म्हणजे क्वांटम पोकळी, असे मेसेज आपणही पाठवू नका. कोणतीही गोष्ट स्वयंभू नाही, ती कारणांवर अवलंबून आहे, हा तो विचार आहे. त्याला भौतिकशास्त्राच्या शिक्क्याची गरज नाही. त्यांची थाप खोटी आणि आपली खरी, असे नसते.

वैज्ञानिक दृष्टिकोन हे संविधानाने सांगितलेले कर्तव्य आहे. मेसेज पुढे ढकलण्याआधी तपासा. अन्यायाची भिंत भरीव आहे, म्हणूनच ती पाडावी लागते.

जय भीम!