कासच्या गाळात सांगलीचा पाऊस

महाबळेश्वरात २२ जुलै २०२१च्या सकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. माण तालुक्याच्या वाट्याला अख्ख्या वर्षात सरासरीने येतो, त्याहून जास्त. त्याच पावसात पाटण तालुक्यातल्या आंबेघर आणि मिरगाववर दरडी कोसळल्या आणि सांगलीकरांच्या घरांत पुन्हा कृष्णेचं पाणी शिरलं. दोनच वर्षांपूर्वी, ऑगस्ट २०१९मध्ये, आयर्विन पुलापाशी नदीने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे.

असं पूर्वी कधी झालं होतं का, हा प्रश्न दोन्ही वेळा विचारला गेला आणि उत्तर २००५च्या महापुरापाशी जाऊन थांबलं. आयर्विन पूल १९२९चा. त्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. तरीही नदीकाठची बांधकामं ज्या रेषांनी ठरतात, त्यातली निळी रेषा पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. शंभर वर्षांतला सर्वांत मोठा पूर जेमतेम तेवढ्याच काळाच्या नोंदींवरून काढायचा, आणि तोही हवामान जागेवर राहिलं नसताना, हा हिशेब मुळातच कच्चा आहे.

पर्जन्यमापक नव्हते तेव्हाचा पाऊसही वाचता येतो. त्याची वही सांगलीच्या वरच्या अंगाला, साताऱ्याच्या पठारांवर पडून आहे.

कासला सप्टेंबरात फुलं पाहायला जाणाऱ्यांच्या पायाखाली जांभा असतो. या पठारावरच्या एका हंगामी तळ्यातल्या गाळाचा अभ्यास पुण्याची आघारकर संशोधन संस्था आणि तिरुवनंतपुरमचं राष्ट्रीय पृथ्वीविज्ञान अभ्यास केंद्र यांनी केला. तळाचा गाळ आठ हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा निघाला. अशा गाळाचा चिमूटभर नमुना धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे परागकण. आसपास जंगल होतं की गवत, ते यावरून कळतं. दुसरे डायटम, म्हणजे काचेसारख्या कवचाचं एकपेशीय शैवाल. त्यांच्या काही जाती भरपूर, निवळ पाण्यातच वाढतात, काही उथळ डबक्यात तग धरतात, काहींना घाण पाणीही चालतं. कुठल्या थरात कोणती जात सापडते, त्यावरून त्या काळचं तळं आणि त्यावर पडणारा पाऊस उभा राहतो. कासच्या नोंदीत सुमारे ८६०० वर्षांपूर्वी ओल्या काळाकडून कोरड्याकडे मोठं वळण दिसतं आणि सुमारे २८०० वर्षांपूर्वी पावसाळा पुन्हा अशक्त झालेला दिसतो. अलीकडच्या हजारेक वर्षांच्या थरांत मात्र प्रदूषण सोसणारे डायटम वाढले आहेत.

यातला २८०० वर्षांचा आकडा मराठी वाचकाने जपून ठेवावा असा आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८पासून तिथे उत्खनन केलं आणि जवळजवळ नऊशे वर्षं नांदलेलं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आलं. ते गाव इसवी सनापूर्वी ७००च्या सुमारास उठलं. पाऊसमान घटल्याने शेती बसली आणि लोक गुरंमेंढरं घेऊन भटकू लागले, अशी मांडणी म. के. ढवळीकर यांनी केली होती. कासचा गाळ आणि इनामगावची ओसाडी या दोन स्वतंत्र नोंदींचे काळ जवळ येतात. तेवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण सह्याद्रीच्या माथ्यावरचं तळं आणि पूर्वेकडच्या पठारावरची शेती एकाच पावसावर जगत होती, हे त्यातून डोळ्यांपुढे येतं. जत, आटपाडी, खटावच्या माणसाला ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

संगणकाचं काम इथून पुढे सुरू होतं. हवामानाचं मॉडेल म्हणजे पृथ्वीचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातली हवा, बाष्प, ऊन आणि समुद्र यांची गणितं पुढे पुढे सोडवत जाणं. जगाच्या भविष्याचा अंदाज बांधणाऱ्या बहुतेक मॉडेलांत हा चौकोन शंभर ते दोनशे किलोमीटरचा असतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तिथून जेमतेम शंभर किलोमीटरवरच्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. दोन्ही गावं एका चौकोनात पडली की जी सरासरी निघते, तेवढा पाऊस यांपैकी कुठल्याच गावात पडत नाही. चौकोन लहान करता येतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (आयआयटीएम) घडवलेली आणि मे २०२५मध्ये कामाला लागलेली ‘भारत फोरकास्टिंग सिस्टीम’ सहा किलोमीटरपर्यंत उतरते. पण ती येत्या काही दिवसांच्या अंदाजासाठी आहे. शतकाच्या अखेरीचा प्रश्न वेगळा, आणि त्याचा पडताळा घ्यायला आपल्यापैकी फारसं कुणी तेव्हा असणार नाही. मग मॉडेलवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा काळ त्याच्यापुढे ठेवायचा, ही यावरची सर्वांत कडक परीक्षा. पाच कोटी वर्षांपूर्वी, इओसीन काळात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आजच्या कितीतरी पट होता. उत्तर ध्रुवाजवळच्या बेटांवर मगरींचे भाऊबंद राहत होते आणि विषुववृत्ताजवळ असलेल्या भारतात, आजच्या गुजरातेतल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीच्या जागी, घनदाट वर्षावन होतं. अमेरिकेतल्या एका नामांकित मॉडेलची नवी आवृत्ती विसाव्या शतकाचं तापमान छान दाखवत होती. जियांग झू, क्रिस्तोफर पोल्सन आणि बेट ऑटो-ब्लीझनर या शास्त्रज्ञांनी २०२०मध्ये तिला इओसीनचा पेपर दिला. तिने उष्ण कटिबंधातल्या जमिनीचं तापमान ५५ अंशांच्या वर नेलं. त्या उन्हात झाडं जगली नसती, आणि जीवाश्म तर जंगल होतं असं सांगतात. ढगांच्या गणितात कुठेतरी अति झालं होतं. शंभर वर्षांच्या नोंदींत जे पकडता आलं नाही, ते पाच कोटी वर्षांपूर्वीच्या पानांनी पकडून दिलं. आंतरराष्ट्रीय हवामान समितीने २०२१मध्ये कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर पृथ्वी बहुधा अडीच ते चार अंशांनी तापेल असा आकडा दिला, त्यामागेही प्राचीन हवामानाचा पुरावा आहे.

मोसमी पावसाच्या बाबतीत तर या परीक्षेला पर्यायच दिसत नाही. पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या २०२०च्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात देशाचा मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला आणि ठळक घट झालेल्या भागांत पश्चिम घाटाचं नाव आहे. दुसरीकडे, आयआयटीएमच्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणारा अतिवृष्टीचा पाऊस १९५०पासून तिपटीने वाढला. गेल्या सत्तर वर्षांत हरितगृह वायू हवा तापवत होते आणि धुरातले कण उन्हाला अडवत होते; दोन्हींचा परिणाम एकमेकांत मिसळला आहे. तीसेक लाख वर्षांपूर्वीच्या प्लायोसीन काळात हवेतला कार्बन डायऑक्साइड आजच्यासारखाच, ४०० पीपीएमच्या आसपास होता, पृथ्वी अडीच ते चार अंशांनी गरम होती आणि कारखान्यांचा धूर नव्हता. त्या काळाच्या बहुतेक मॉडेलांत आशियाचा मोसमी पाऊस जोरदार निघतो. धूर कमी होईल तसा आपला पाऊस कुठे जाईल, याची दिशा त्यात आहे. मात्र प्रत्येक जुना ओला काळ असा उपयोगी पडत नाही. कासचा ८६०० वर्षांपूर्वी संपलेला ओला काळ पृथ्वीच्या कक्षेच्या फरकामुळे आलेला. तेव्हा उत्तर गोलार्धात उन्हाळ्याचं ऊन आजच्याहून कडक होतं. कारण वेगळं, म्हणून धडाही वेगळा.

पृथ्वी पूर्वीही तापली होती, मग आता एवढी ओरड कशाला, असं म्हणणाऱ्यांना आंबेनळी घाटात न्यावं. जगभरच्या भूशास्त्रज्ञांच्या निबंधांत वाई, आंबेनळी, महाबळेश्वर ही नावं लाव्हाच्या थरांची म्हणून रूढ आहेत. काळ्या थरांच्या मध्ये विटकरी मातीची अरुंद पट्टी दिसते. दोन उद्रेकांच्या मधल्या निवांत काळात खडक कुजून ती झाली. अशाच पट्ट्यांतल्या झिरकॉनच्या सूक्ष्म स्फटिकांवरून प्रिन्स्टनच्या संशोधकांनी उद्रेकांचं वय ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपास पक्कं केलं. त्या उद्रेकांतल्या वायूंनी पृथ्वी काही अंशांनी तापली, असं समुद्रतळाचा गाळ सांगतो. पण ते घडायला हजारो-लाखो वर्षं लागली. आज माणूस वर्षाला सुमारे ४० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. दख्खनच्या ज्वालामुखींची वर्षाची सरासरी त्याच्या पासंगालाही पुरत नाही. शिवाय त्या वेळी कृष्णाकाठी शहर नव्हतं आणि तासगावला द्राक्षबागा नव्हत्या.

पठारांवरची ही पावसाची वही जपायची कुणी? नवीन महाबळेश्वर प्रकल्पात सातारा जिल्ह्यातली दोनशेहून अधिक गावं येतात. रस्ते, रिसॉर्ट आणि वाहनतळ या पठारांच्या सड्यांवरच चढणार. सड्यावरचं डबकं सपाट करायला एका जेसीबीला एक दुपार पुरते आणि त्याबरोबर आठ हजार वर्षांची नोंद जाते. विकास आराखड्यात अशा तळ्यांची यादी करून, गाळाचे नमुने काढून होईपर्यंत तिथे हात लावू नये, ही मागणी अवाजवी नाही.

कामाला माणसं आणि संस्था जवळच आहेत. कराडजवळ हजारमाचीला पृथ्वीविज्ञान मंत्रालयाची बोअरहोल प्रयोगशाळा आहे. कोयनेच्या भूकंपांसाठी गोठणे इथे तिने तीन किलोमीटर खोल बोअर घेतला. सव्वा किलोमीटर बेसॉल्ट, खाली ग्रॅनाइट. जमिनीचा वरचा थर तापला की ती ऊब वर्षानुवर्षं खाली झिरपत राहते, त्यामुळे बोअरमधलं तापमान हीदेखील हवामानाची नोंदच असते. सुकांत रॉय आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये देशभरच्या बोअरांवरून दाखवलं की गेल्या दीडशे वर्षांत जमीन सुमारे ०.९ अंशाने तापली आहे. विश्वास काळे यांनी नर्मदा-तापीच्या काठी कपारींत साचलेल्या पूरगाळावरून शेकडो वर्षांपूर्वीचे महापूर मोजले. कृष्णा, कोयना, वारणा आणि येरळेच्या काठी तसा शोध घेतला, तर लाल रेषा काढताना हाताशी आयर्विन पुलाच्याही आधीचे पूर असतील.

कृष्णा खोऱ्यातलं पुराचं पाणी दुष्काळी तालुक्यांकडे वळवण्याची योजना जागतिक बँकेच्या मदतीने आखली जात आहे. कालवे पन्नास-शंभर वर्षांसाठी बांधले जातात. तेवढ्या काळात पूर किती वेळा येईल आणि लागोपाठ किती वर्षं कोरडी जातील, याचा हिशेब कुठल्या नोंदींवर आणि कुठल्या मॉडेलवर केला आहे, ते मॉडेल इथल्या जुन्या पावसावर तपासलं आहे का, हे सांगली-साताऱ्याच्या लोकप्रतिनिधींनी निविदा निघण्याआधी विचारायला हवं, आणि उत्तर लेखी मागायला हवं.