पेंढ्याला कचरा म्हणू नका

गेल्या हंगामानंतर पेंढ्यापासून इथेनॉल करण्याविषयीच्या एका कार्यशाळेला गेलो होतो. व्यासपीठावरून भाताच्या पेंढ्याला चार वेळा ‘कचरा’ म्हटलं गेलं. मी भुईगावचा. आमच्याकडे भात झोडून झालं की पेंढ्याची उडवी रचतात, वर्षभर गुरांना घालतात, उरला तर तबेलेवाला नेतो. कचरा हा शब्द घेणाऱ्याच्या सोयीचा आहे. कचऱ्याला भाव द्यावा लागत नाही.

कोरड्या पेंढ्याचा निम्म्याच्या वर भाग म्हणजे सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज, म्हणजे साखरेच्याच लांबलचक साखळ्या. ऊसही गवतच, पण त्याची साखर रसात असते, चरकात घातला की हाती येते. पेंढ्यातली साखर भिंतीत चिणलेली. मूठभर पेंढा चुरगळून बघा. हात ओरबाडते ती सिलिका, काडीला ताठ ठेवतं ते लिग्निन. ते फोडायला वाफ, दाब, आम्ल लागतं. जोर जास्त झाला तर झायलोजचं फरफुरल होतं आणि त्यानं यीस्ट मरगळतं. मग साखळ्या तोडायला एन्झाइम. एवढं करून मिळतो तो तपकिरी, गढूळ रस. त्यातून ॲसेटिक आम्ल, क्षार, रंग काढायला कोळसा आणि आयन-विनिमयाचे स्तंभ, तेव्हा कुठे स्वच्छ साखर. त्यातली झायलोज साधं यीस्ट खातही नाही. तिचं झायलिटॉल करता येतं, पण तेही शुद्ध करून मगच. खर्चाचा मोठा वाटा या सगळ्यात जातो. भाषणात मात्र एका वाक्यात पेंढा आत जातो आणि दुसऱ्या वाक्यात इथेनॉल बाहेर येतं.

हे होत नाही असं मी म्हणत नाही. मुंबईत माटुंग्याच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी’तल्या (आयसीटी) तंत्रावर २०१६ साली उत्तराखंडात काशीपूरला रोज १० टनांचा प्रकल्प उभा राहिला. पुण्याच्या प्राज कंपनीचं तंत्र इंडियन ऑइलनं पानिपतला नेलं. १० ऑगस्ट २०२२ रोजी तिथल्या प्रकल्पाचं लोकार्पण झालं. तिथलं उद्दिष्ट वर्षाला २ लाख टन पेंढा, ३ कोटी लिटर इथेनॉल. म्हणजे टनाला १५० लिटर. दोन्ही तंत्रं आपल्या मातीतली, आणि आपण अजून पाणी पिणाऱ्या उसाच्याच मागे!

माझा राग इथे आहे. २०२४-२५ ला उसाला १०.२५ टक्के साखर उताऱ्यावर क्विंटलमागे ३४० रुपये बांधून मिळाले. साखर काढायला कठीण म्हणून पेंढ्याचा भाव कमी धरा, पण उतारा मोजून धरा. ओलावा मोजा, राख मोजा, साखर मोजा आणि दराचा फलक काट्यावर लावा. तो दर चाऱ्याच्या दरापेक्षा जास्त नसेल तर पेंढा मागायला येऊच नका. म्हशीच्या तोंडचा घास काढून टाकी भरायची गरज नाही.

आमचा तबेलेवाला शाळा शिकलेला नाही. भारा उलटा करतो, आतली काडी ओढून वास घेतो. पिवळीधमक असेल तर एक भाव, पावसात भिजून काळी पडली असेल तर दुसरा.